बिनमाणसाची रसद

१९७८ साली मी माधवनगरच्या एका सूतगिरणीत टाइमकीपर होतो. गेटाशेजारच्या खोलीत बसून हजेरीची कार्डं सांभाळायची आणि जेवणाच्या सुट्टीत वाचनखोलीचं कुलूप काढायचं, एवढंच माझं काम. वाचनखोली म्हणजे दोन बाकं, एक टेबल, सांगलीचा एक पेपर, पुण्याचा एक पेपर आणि रशियाहून छापून येणारं एक गुळगुळीत मासिक. ते मासिक वाचायला कुणी नेत नसे. पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला मात्र त्याच्यावर उड्या पडत.

पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आमच्या गिरणीत एकच माणूस होता, पॅकिंग खात्यातला जालिंदर ओव्हाळ. वय सत्तेचाळीसच्या आसपास, अंगानं बुटका, मनगटं मात्र पैलवानासारखी. सुताच्या गाठी प्रेसमध्ये दाबायच्या, वर गोणपाट चढवायचं आणि लोखंडी पट्ट्या आवळायच्या, हे त्याचं काम. त्याच्या हातची गाठ ट्रकवरून खाली टाकली तरी शिवण उसवत नाही, असं हमाल सांगत. तो कमी बोलायचा. लष्करातून पेन्शन घेऊन आलाय, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या भागात लष्करातून आलेल्या माणसाचं कुणाला अप्रूप? दर चार घराआड एक असायचाच.

जानेवारीच्या चोवीस तारखेला, मंगळवारी, तो पेपर घेऊन माझ्या खिडकीशी आला. एका बातमीवर त्यानं बोट ठेवलं होतं.

"भाऊसाहेब, हे वाचलं का?"

मी वाचलं होतं. रशियाचे दोन अंतराळवीर डिसेंबरपासून 'सॅल्यूट' नावाच्या अंतराळ स्थानकात राहत होते. पृथ्वीभोवती ते स्थानक गरागरा फिरत होतं. त्यांच्यासाठी अन्न, इंधन, हवा, कपडे आणि टपाल घेऊन 'प्रोग्रेस' नावाचं एक यान शुक्रवारी निघालं होतं आणि रविवारी त्या स्थानकाला जाऊन चिकटलं होतं. नवलाची गोष्ट म्हणजे त्या यानात माणूस नव्हता. असं मालवाहू यान जगात पहिल्यांदाच गेलं होतं.

"वाचलं की," मी म्हणालो.

"सगळं लिवलंय. वजन लिवलंय, तारीख लिवलीय. पर ढकलतंय कोन, ते लिवलेलं न्हाई."

"काय ढकलतंय?"

"माल. इमानातनं माल ढकलायला मानूस लागतोच की. मानूस न्हाई म्हनत्यात, मग ढकलतंय कोन?"

मी त्याला विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक, माल ढकलायचं?"

तो म्हणाला, "मी तेच करत हुतो. इस वर्सं."

त्या दिवशी सुट्टी संपेपर्यंत तो माझ्या खोलीत स्टुलावर बसून बोलत राहिला. तीन वर्षांत बोलला नसेल एवढं बोलला.

त्याचं गाव कोरेगावजवळ, वसना नदीच्या काठावर. एकोणीसशे एकावन्न साली, वयाची विशी यायच्या आत, तो साताऱ्याच्या भरतीला गेला. उंचीत थोडा कमी पडला, पण भरतीच्या साहेबानं त्याची मनगटं बघितली आणि त्याला रसद खात्यात घेतलं. पुढं त्याची बदली आसामात जोरहाटच्या विमानतळावर झाली. वर डोंगरात, जिथं रस्ता नाही, खेचर जात नाही, अशा ठाण्यांवर जवान असत. त्यांचं मीठ, पीठ, रॉकेल, औषध, सगळं विमानातून खाली टाकावं लागे. तो माल बांधायचा आणि तोच माल विमानाच्या दारातून ढकलायचा, हे त्याचं काम.

"तांदळाचं पोतं कसं बांधायचं, ठाव हाय?" त्यानं मला विचारलं. "आतलं पोतं मानसानं पोटभर न खाता उठावं तसं भरायचं, थोडी जागा ठिऊन. त्याच्यावर दुसरं मोठं पोतं. खाली आपटलं का आतलं फुटतंय, तांदूळ भाईरच्या पोत्यात ऱ्हातोय. तट्ट भरलं तर दोनी फुटत्यात, आन तांदूळ डोंगराला. रॉकेल आन औशिदाला मातुर छत्री, मंजी पॅराशूट."

"आणि ढकलायचं कसं?"

"कमरंला दोर. दार न्हाईच, नुसतं भगदाड. पायलट घंटी वाजवतो. घंटी वाजली का दोगांनी पाठीवर पडायचं आन पायानं रेटायचं. टोला चुकला तर माल पल्याडच्या दरीत. बकरंबी टाकलंय आमी छत्री बांधून. खाली जाऊन उबं ऱ्हायलं आन गवत खायला लागलं, असं वायरलेसवर सांगितलं त्येंनी."

हे सांगताना तो हसला. मग पेपरची घडी घालून म्हणाला, "छप्पन साली मी तितंच हुतो. नागपुरास्नं आल्यावर वडलांचं पत्र आलं, आपुन बुद्धाचं झालो म्हून. ते पत्र मी इमानातच वाचलं, पोत्यांवर बसून. तवाची गोष्ट."

गेटावर आमचा वॉचमन सयाजी इंगळे उभा होता. औंधजवळच्या एका वाडीचा, मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला उंच, सडसडीत माणूस. माझ्या खोलीची खिडकी गेटाच्या बाजूलाच होती, त्यामुळं त्यानं सगळं ऐकलं होतं. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि जालिंदर बाहेर पडला, तेव्हा सयाजीनं त्याला अडवलं.

"ओव्हाळ, तुमी रसद टाकायचा?"

"व्हय."

"आन मी खाली उबा ऱ्हायचो."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. तीन वर्षं रोज सकाळी सातला एक जण गेटातून आत येत होता आणि दुसरा त्याला आत सोडत होता. त्यापलीकडं ओळख नव्हती.

"कंच्या ठान्याला?" जालिंदरनं विचारलं. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"लडाखला. त्रेसष्ट-चौसष्ट."

जालिंदरनं मान हलवली. "मग मी न्हवं. मी आसामात. लडाखची इमानं दुसरीकडनं जायची."

"असूंदे की," सयाजी म्हणाला. "तुमच्यातलाच कुनीतरी असंल."

जालिंदरला खात्यात परतायला उशीर झाला. मी त्या दिवशी त्याचं कार्ड बघितलं नाही.

घरी जाऊन त्यानं ही बातमी बायकोला सांगितली. मुक्ताबाई भाकरी थापत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं मला जे सांगितलं, ते असं. तो म्हणाला, "मुक्ता, बग, मानसाशिवाय रसद गेली. जगात पयल्यांदा." त्यांची मुलगी अंजना साताऱ्याला नर्सिंग शिकत होती, हॉस्टेलवर राहत होती. दर सोमवारी पहाटेच्या साताऱ्याच्या एसटीत मुक्ताबाई तिच्यासाठी चटणी, धपाटी आणि शेंगदाण्याचा लाडू असा डबा ठेवत. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डबा ठेवायचा, साताऱ्याच्या स्टँडवर पोरीनं उतरवून घ्यायचा. मुक्ताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "माजा डबा दर सोमवारी साताऱ्याला जातुया. त्याच्यासंगं कोन जातंय?"

"मी म्हनलं, बरुबर हाय," जालिंदर मला म्हणाला, आणि बराच वेळ स्वतःशीच हसला.

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खोलीऐवजी गेटावर जाऊन बसू लागला. सयाजीची बाजरीची भाकरी आणि जालिंदरची ज्वारीची, मध्ये एकच ठेचा. स्थानकाचं नाव सॅल्यूट कसं, यावर सयाजीचं म्हणणं असं, की ते लष्करातल्याच कुणीतरी ठेवलं असणार. शनिवारी सयाजी मला आणि जालिंदरला म्हणाला, "उद्या वाडीला चला. हुरडा लागलाय. आमच्या मंडळींनी सांगितलंय, ओव्हाळास्नी घिऊन या म्हून."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. औंधला उतरलो, यमाईचा डोंगर उजवीकडं ठेवून तासभर चाललो. माळाची जमीन, ऊस कुठंच नाही, सगळा शाळू उभा. सयाजीचं घर तीन खणांचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सयाजी चपला काढून आत गेला, मी त्याच्या मागं गेलो. जालिंदर उंबऱ्याबाहेरच थांबला. कुणाच्याही घरी गेला की तो असा थांबत असणार. लहानपणीची सवय. लष्करात एका ताटात जेवला, तरी गावच्या उंबऱ्याशी पाय आपोआप थबकत असणार.

सयाजीची बायको रंगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ती म्हणाली, "आवं भावजी, आत या की. बाहीर कशाला उबं ऱ्हायलाय? वाकळ आत हाय, तुमाला दावायचीय."

तो आत गेला. रंगूबाईनं त्याला माझ्या शेजारी घोंगड्यावर बसवलं आणि कणगीवरची एक वाकळ काढून त्याच्या पुढ्यात पसरली. वरचा थर जुन्या लुगड्यांचा होता, नेहमीसारखा. तिनं वाकळ उलटली. आतलं अख्खं अस्तर एकाच पांढऱ्या, गुळगुळीत कापडाचं होतं.

जालिंदरनं त्यावर तळहात फिरवला. मग बोटानं एक जाड शिवण शोधली आणि तिच्यावरून बोट नेत नेत कोपऱ्यापर्यंत गेला.

"छत्री हाय ही," तो म्हणाला. "ह्यो एक पाकळीचा तुकडा. हितनं दोरी जायची."

सयाजी अवघडून म्हणाला, "रजेवर येताना पेटीत घालून आनली हुती. आनायला बंदी हुती, पर सगळीच आनायची. थंडीत तिच्यावानी ऊब न्हाई."

"माज्या तिन्ही पोरी हिच्यावर निजल्यात," रंगूबाई म्हणाली. "मी ह्यास्नी सारकी इचारायची, ही कुनी बांदली असंल वो? ह्ये म्हनायचे, कुनास ठाव. आता म्हनलं, बांदनारा न्हाई तर न्हाई, त्यातला एक तरी बगूया."

वाकळीची घडी जालिंदरनंच घातली, आणि अशी घातली की चारी कोपरे एकावर एक बरोबर बसले.

मग आम्ही शेतात गेलो. बांधाच्या कडेला आगटी पेटवलेली होती. सयाजी कणसं भाजून हातावर चोळून देत होता, रंगूबाईनं लसणाची चटणी आणि दही आणलं होतं. शेजारच्या शेतातले दोघं-तिघं आले, जालिंदरकडं एकदा बघितलं, आडनाव विचारलं. सयाजीनंच सांगितलं, "ओव्हाळ. कोरेगावचे. माज्या बरुबर लष्करात हुते." त्यांतला एक जण हुरडा न खाताच निघून गेला. जालिंदरनं त्याच्याकडं बघितलं, सयाजीनंही बघितलं, आणि सयाजीनं गरम हुरड्याची पहिली मूठ जालिंदरच्या हातावर ठेवली.

खाणं झाल्यावर जालिंदर म्हणाला, "हवालदार, एक इचारू? लय वर्सं इचारायचंय. पर इचारायला ठान्यावरचा मानूसच कवा गावला न्हाई."

"इचारा."

"साठ सालची गोष्ट. धुकं हुतं. एका ठान्यावर माल टाकायचा हुता. तीन चकरा मारल्या, चौथ्या चकरंला घंटी वाजली आन आमी रेटलं. सगळा माल पल्याडच्या दरीत गेला. मी डोळ्यानं बगितला. मग हवा बिगाडली ती नऊ दीस उगाडली न्हाई. त्या नऊ दिसांत त्येंनी काय खाल्लं, आमाला कदी कळलं न्हाई. तुमाकडं असं कवा झालं का?"

सयाजीनं हातातली राख झटकली. "झालं की. दोनदा. एकदा सात दीस."

"मग तुमी आमाला काय म्हनायचा?"

सयाजीनं आगटीत एक काटकी सारली. खोटं सांगावं की खरं, असा विचार करत असावा.

"शिव्या दिल्या," तो म्हणाला. "लय दिल्या. पयल्या दिवशी सगळ्या पलटणीनं दिल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या सुबेदारानं दिल्या, त्या तर कानडीतनं हुत्या, बेळगावचा हुता त्यो. तिसऱ्या दिवशी डाळ उकडून पानी प्यालो. मग सातव्या दिवशी इमानाचा आवाज आला. सगळी तंबूतनं भाईर पळाली. शिव्या कुनाच्या ध्यानातच ऱ्हायल्या न्हाईत. एक पोरगं हुतं कराडकडचं, ते वर बगून इमानाला हातच जोडत हुतं."

जालिंदर ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. अगदी पोट धरून. सयाजीही हसायला लागला.

"कानडीतनं?" जालिंदरनं डोळे पुसत विचारलं.

"कानडीतनं. आजून पाठ हायत."

"सांगा की एक."

सयाजीनं मान वळवून बघितलं, रंगूबाई विहिरीकडं गेलेली होती. मग त्यानं हळू आवाजात एक सांगितली. मला कानडी येत नाही, पण परतीच्या एसटीत जालिंदरनं ती मला दोनदा म्हणून दाखवली.

फेब्रुवारीत पेपरात पुढची बातमी आली. दोघा अंतराळवीरांनी यानातला माल उतरवून घेतला, रिकाम्या यानात आपला कचरा भरला, आणि मग ते यान स्थानकापासून सुटून खाली आलं आणि हवेतच जळून गेलं. जमिनीवरच्या लोकांनीच ते मुद्दाम तसं जाळलं होतं. सयाजीला हे पटलं नाही. एवढं चांगलं यान, चार कामाला आलं असतं. जालिंदर म्हणाला, "रसद पोचली न्हवं? मग त्येचं काम झालं. आमच्या छत्र्या तरी कुठं परत यायच्या?"

"एक आली," सयाजी म्हणाला.

पण ढकलतंय कोण, हा प्रश्न जालिंदरच्या डोक्यातून गेला नव्हता. त्यानं त्या गुळगुळीत मासिकातून मुंबईच्या कचेरीचा पत्ता शोधला आणि पत्र लिहिलं. मजकूर त्याचा, अक्षर माझं. पत्र असं होतं: आपलं बिनमाणसाचं यान पोचल्याचं वाचून आनंद झाला. मी वीस वर्षं हवाई रसदीत होतो. तरी कृपा करून कळवावं, की माल आत बांधताना पहिला कोणता ठेवता आणि वरचा कोणता. रॉकेल आणि अन्न शेजारी ठेवता का. आणि यानात कुणी नसताना माल बाहेर कोण ढकलतं. आपला, नाईक जालिंदर केरू ओव्हाळ, निवृत्त.

मेमध्ये उत्तर आलं. पाकिटात टाइप केलेलं मराठी पत्र होतं. भारत आणि सोव्हिएत जनतेच्या मैत्रीबद्दल आपण दाखवलेल्या आस्थेसाठी आम्ही आभारी आहोत, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. प्रश्नांची उत्तरं नव्हती. सोबत एक रंगीत चित्र होतं. लांबट भोपळ्यासारखं ते यान स्थानकाच्या शेपटीला तोंड लावून उभं होतं, आणि खाली निळी पृथ्वी.

मला वाईट वाटलं. जालिंदरनं पत्र बाजूला ठेवलं आणि चित्र खिडकीच्या उजेडात धरलं. पाचेक मिनिटं तो ते निरखत होता. मग त्यानं सयाजीला हाक मारली.

"बगा हवालदार, कळलं. हे टाकत न्हाईत. ढकलायचं कामच न्हाई. ह्ये जाऊन त्येच्या दारालाच दार लावतंय. मग आतली मानसं दार उगडत्यात आन हातानं काडून घेत्यात. खाली आपटायचं न्हाई, दरीत जायचं न्हाई. पोतं तट्ट भरलं तरी चालतंय."

"मंजी घरपोच," सयाजी म्हणाला.

"घरपोच."

त्यानं ते चित्र पॅकिंग खात्यात प्रेसच्या मागच्या भिंतीला चिकटवलं. नवीन कामगार आला की गाठ कशी बांधायची हे शिकवण्याआधी तो त्याला ते चित्र दाखवायचा. मी गिरणी सोडली तेव्हा त्याच्या कडा सुताच्या पुंजक्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या.

जुलैत रशियानं तसंच दुसरं यान पाठवलं. ती बातमी पेपरात पाचव्या पानावर आली, तीन ओळींची, बाजारभावांच्या खाली. मला ती चुकून दिसली. मी पेपर घेऊन पॅकिंग खात्यात गेलो. जालिंदर गाठीची शेवटची पट्टी आवळत होता. मी वाचून दाखवलं आणि म्हणालो, "बघा, पहिल्याला केवढी मोठी बातमी होती. दुसऱ्याला तीनच ओळी."

त्यानं पट्टी पूर्ण आवळली, कडी बसवली, गाठीवर थाप मारली. त्याचा चेहरा खूश होता.

"चांगलं हाय की, भाऊसाहेब. रसद येळंवर येत असली की तिची कोन बातमी छापतंय?"

मग त्यानं गाठ ढकलगाड्यावर उलटवली आणि पुढच्या गाठीसाठी गोणपाट पसरलं.